राहणाऱ्याने म्हणायचं

शालन सोनटक्के बाईंच्या गावातून कोणतीही बस ‘हॅपी जर्नी’ ऐकल्याशिवाय हलत नसे. ड्रायव्हर कितीही रेस करो, चाकं जागची ढिम्म.

हे शब्द गावात बाईंनीच आणले होते. सातवीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर लिहून अर्थ सांगितला, प्रवास सुखाचा होवो. आणि बजावलं, हे जाणाऱ्याने नाही, राहणाऱ्याने म्हणायचं. पोरांनी ते घरोघरी नेलं. मग निघताना ‘येतो’ म्हणायची रीत मागे पडली. लोक खिडकीतून नुसतं ‘थँक्यू’ म्हणत आणि परत येत नसत.

एकेक माणूस गेला की त्याचं घर सतरंजीसारखं गुंडाळलं जाई आणि गल्ली तेवढी आखडे. निरोप द्यायला बाई होत्याच. हेडमास्तर सहकुटुंब गेले त्या दिवशी स्टँड बाईंच्या उंबऱ्याला येऊन टेकला. बरंच झालं, चालायचा त्रास वाचला, असं त्यांना वाटलं.

सोमवारी अमरावतीहून फोन आला. कमलताई दवाखान्यात होती, डॉक्टरांनी दोन दिवस दिले होते. आईमागे शालनबाईंना ताईनेच वाढवलं होतं. पिशवी भरून त्या उंबऱ्यावरून थेट बसच्या पायरीवर चढल्या.

“बाई, तुमाले म्हननारं कोन हाय?” ड्रायव्हर तायडे म्हणाले.

“तुम्ही म्हणा.”

“मी गाडीसंगं जातो. जानाऱ्याचं चालत नाही. माह्या पोराले तुमीच तसं शिकवलं.”

बाईंनी बाहेर पाहिलं. गावात आता त्यांचं एकच घर उरलं होतं आणि त्याला कुलूप होतं. मग त्यांनी पिशवी खिडकीजवळच्या सीटवर ठेवली, खाली उतरल्या, खिडकीखाली उभ्या राहिल्या आणि वर्गात म्हणत तसं स्वच्छ म्हणाल्या, “हॅपी जर्नी.”

सीटवर शालनबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पदर नीट खोचलेला. गाडी हलली.

ताईला काय सांगायचं ते राहिलंच, हे खालच्या बाईंच्या लक्षात आलं. त्या खिडकीबरोबर चालू लागल्या.

“ताईला सांग,” त्या ओरडल्या, “मला यायचं होतं.”

काच बंद होती. आतल्या बाईंनी कानामागे हात धरला, काही न कळता मान डोलावली आणि हसून हात हलवला.