पाठमोरी

दिपेश दारू पीत असता, तर लोकांना पटलं तरी असतं. पण तो दारूच्या थेंबाला शिवत नसे. श्रीवर्धनपासून थोड्या अंतरावर, शेखाडीच्या रस्त्याला त्यांचं गाव. तिथल्या कुणालाही विचारा, दिपेशचं नाव चांगलंच निघायचं. नारळ-सुपारीचा टेम्पो चालवायचा. कुणाच्या घरी आजारपण आलं की भाडं न घेता दवाखान्यात पोचवायचा, देवळाच्या कामाला सगळ्यांच्या आधी हजर असायचा. मारायचा फक्त घरात, आणि फक्त कल्पिताला.

त्या दिवशी कल्पिता ओट्याशी तांदळाच्या भाकऱ्या करत होती. दिपेशनं टेम्पोची चावी मागितली. तव्यावर भाकरी होती, तिनं उत्तर द्यायला जरा उशीर केला. मागून कानावर फटका बसला. कानात एकदम विहिरीत दगड पडल्यासारखा आवाज झाला आणि मग काहीच नाही. तिनं भाकरी उलटली. ती फुगल्यावर खाली घेतली, तेव्हाच गॅस बंद केला. चावी खिळ्यालाच होती. ती घेऊन तो गेला.

तिच्या सासूबाई सखुबाई पडवीतून उठून केव्हाच मागच्या सुपारीच्या वाडीत गेल्या होत्या. आणि आतल्या खोलीत पाचवीतल्या अमिषानं टीव्हीचा आवाज मोठा केला होता. कुणी सांगितलं नव्हतं तिला. पावसाची सर आली की खिडकी लावून घ्यावी, तितक्या सहज तिनं रिमोट दाबला होता. कल्पिता दारात जाऊन उभी राहिली. पोरगी कार्टून बघत होती. तिच्या तोंडावर काही नव्हतं. आपल्याही तोंडावर असंच काही नसतं हे कल्पिताला ठाऊक होतं. पोरीच्या तोंडावर ते तिनं पहिल्यांदाच पाहिलं.

तिला रडू आलं नाही. राग आला, असंही म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी दिपेश नारळ भरून माणगावला गेल्यावर ती साडी बदलून एसटीनं श्रीवर्धनला गेली, एवढंच.

दवाखान्यात डॉक्टरांनी कान तपासला. पडदा फाटलाय म्हणाले. "कसं झालं?"

"भिंत लागली."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. पट्टी करणाऱ्या काशी सिस्टर बोलल्या, "भिंती हल्ली फार अंगावर येतात, नाही का?" मग तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टरांना खरं सांग. ते तसंच लिहितील. आणि इथून खाली गेलीस की संरक्षण अधिकारी बसतात, मृणाल मॅडम. सरकारनं ह्याच कामाला नेमलंय त्यांना. जाऊन नुसती बस त्यांच्यापुढं."

कल्पिता गेली आणि बसली. मृणाल मॅडम तिच्यापेक्षा वयानं लहानच असाव्यात. त्या विचारत गेल्या, ही सांगत गेली. लग्नाच्या पहिल्या वर्षी काय झालं, अमिषा पोटात असताना काय झालं, गेल्या होळीला काय झालं. बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तशी सांगत गेली. लिहिता लिहिता मॅडम थांबल्या.

"कल्पिताताई, तुम्ही दुसऱ्या कुणाचं तरी सांगताय असं वाटतंय."

"मला पण तसंच वाटतंय," ती म्हणाली.

मॅडमनी समजावून सांगितलं. हा लगेच तुरुंगात टाकण्याचा मामला नाही. कोर्ट हुकूम देतं की नवऱ्यानं हात उचलायचा नाही, धमकावायचं नाही. गरज पडली तर त्यानं घराबाहेर राहायचं. तो हुकूम मोडला, तर मात्र तो गुन्हा.

"घर सासूबाईंच्या नावावर हाय," कल्पिता म्हणाली.

"नावावर कुणाच्या का असेना. तुम्ही तिथं नांदता ना? मग तुम्हाला कुणी असंच बाहेर काढू शकत नाही."

अर्ज कोर्टात गेला. सुनावणी होईपर्यंत ती अमिषाला घेऊन माणगावला भावाकडे राहिली. शिवदास तिचा थोरला भाऊ. माणूस वाईट नव्हता. जेवताना तो म्हणाला, "दिपेशरावांशी मी बोलतो. चार माणसांत बसून मिटवू. कोर्टाची पायरी कशाला?"

"तू बोललास की दादा. दोनदा."

"मग?"

"मग घरी गेल्यावर त्यांनी मला त्याचा जाब विचारला."

शिवदासनं पुढ्यातला भात कालवला, पण खाल्ला नाही. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही. तारखेच्या दिवशी मात्र रजा टाकून तिच्याबरोबर श्रीवर्धनला आला.

विधी सेवा समितीनं एक वकीलबाई दिल्या होत्या. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी कल्पिताला हळूच सांगितलं, "साहेबांसमोर जरा मोकळ्या व्हा. रडू आलं तर आवरू नका." कल्पितानं प्रयत्न करून पाहिला. वडील गेले तो दिवस आठवला. तेव्हाचा पाऊस, लोकांची गर्दी, कुणी कुठली साडी नेसली होती, सगळं आठवलं. डोळे कोरडेच.

रडला तो दिपेश. पांढरा सदरा घालून आला होता. साहेबांनी विचारताच त्यानं डोळ्यांना रुमाल लावला. "साहेब, घरात भांड्याला भांडं लागतंच. पण माझी पोरगी मला बघायला मिळत न्हाय. मी जेवत न्हाय, साहेब." तो खरंच रडत होता. शिपायानं त्याला पाणी आणून दिलं. मागं बसलेल्या बायकांपैकी एकीनं चुकचुक केली. कल्पितालाही वाटलं, बिचारा. पडद्यावरच्या माणसाबद्दल वाटावं तसं वाटलं, आणि गेलं.

दिपेशच्या वकिलांनी सखुबाईंना पुढं आणलं. घरात सगळं नीट आहे हे आईच्या तोंडून ऐका, असं त्यांचं म्हणणं. सखुबाई लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन उभ्या राहिल्या.

"माझा पोरगा गुणाचा हाय," त्या म्हणाल्या. "समद्या गावाला इचारा."

साहेबांनी विचारलं, "त्यानं सुनेला मारलेलं तुम्ही कधी पाहिलंत?"

"न्हाय. मी कदी बगितलं न्हाय."

"तुम्ही घरातच असता ना?"

"व्हय. पण सुरू झालं का मी वाडीत जाते."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काय सुरू झालं की?"

सखुबाईंनी वकिलांकडं बघितलं. वकील हातातल्या कागदाकडं बघत होते. "ता सुरू झालं का," त्या पुन्हा म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांना कळायला तेवढाच वेळ लागला. त्यांचा हात तोंडाशी गेला. दिपेशचं रडणं थांबलं होतं. तो आईकडं ज्या नजरेनं बघत होता ती नजर कल्पिताच्या ओळखीची होती. साहेबांनीही ती पाहिली.

मग साहेब कल्पिताकडं वळले. "तुमचं काय मागणं आहे? तुमच्या शब्दांत सांगा."

वकीलबाईंनी पाठ करून घेतलेलं सगळं ती विसरली. मग ती म्हणाली, "त्यांना शिक्षा नको मला. मला ओट्याशी उभं राहून सैपाक करता आला पाहिजे. दाराकडं पाठ करून."

"म्हणजे?"

"आता मी तिरकी उभी राहते, साहेब. मागनं कोण येतंय ते दिसायला हवं. त्या दिवशी भाकरीपायी विसरले."

बोलताना तिचा आवाज हलला नाही. साहेबांनी लिहायला घेतलं.

हुकूम त्याच दिवशी झाला. तो अंतरिम होता, पण हुकूमच. दिपेशनं तिच्यावर आणि मुलीवर हात उचलायचा नाही, फोनवरून त्रास द्यायचा नाही, पुढचा आदेश होईपर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही. मृणाल मॅडम आणि एक हवालदार सोबत आले. दिपेशनं आपले कपडे पिशवीत भरले. टेम्पो गावाबाहेर गेल्याचं ऐकू आलं आणि घर तसंच उरलं, तिघी बायकांचं.

सखुबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी चूल पेटवताना म्हणाल्या, "माजा पोर तू घराभायेर काडलास." कल्पितानं चहा त्यांच्यापुढं ठेवला. त्याला आपण काढलं की तो त्यांच्याच शब्दानं निघाला, हे तिच्या मनात आलं, पण बोलून दाखवायची गरज वाटली नाही. बराच काळ दोघींचं बोलणं मीठ, गॅस, नारळ एवढ्यावरच राहिलं. कल्पिता शेजारच्या वाडीत सुपारी सोलायला जायला लागली. त्या कानानं थोडं थोडं ऐकू यायला लागलं. बाकी तिला काही वाटत नव्हतं. लोक विचारायचे, आता बरं वाटतं ना? ती हो म्हणायची. खरं तर तिला फक्त झोप यायची. दुपारी बसल्या जागी, संध्याकाळी भाजी निवडताना, कधीही.

शिमग्याच्या आदल्या दिवशी भर दुपारी दिपेश आला. फाटक उघडून सरळ अंगणात. हातात अमिषासाठी पिचकारी. "सणाला तरी बापाला पोरीला बघू दे," तो म्हणाला. आवाज मऊ होता. कल्पिता आत गेली, दाराला कडी घातली आणि मॅडमनी दिलेल्या नंबरावर फोन केला. बाहेर तो आधी विनवत होता, मग दारावर लाथा बसू लागल्या. सखुबाई आत, दारापाशी बसून होत्या. "आये, दार उघड," तो ओरडला. त्या उठल्या नाहीत. पोलिस येऊन त्याला गाडीत घालून नेईपर्यंत त्या तिथंच जमिनीकडं बघत बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला कल्पिता श्रीवर्धनच्या ठाण्यात गेली. हुकूम मोडल्याचा गुन्हा नोंदला गेला. पुढं दिपेशला जामीन मिळाला. मात्र त्यानंतर तो गावाच्या वेशीच्या आत आला नाही. माणगावच्या बाजूला टेम्पो लावतो, असं ऐकू येई. कोर्टाच्या तारखा चालूच राहिल्या.

त्या दिवशी जबाब देऊन ती परतीच्या एसटीत बसली. खिडकीकडची जागा मिळाली आणि गाडी सुटायच्या आधीच तिला झोप लागली. जाग आली ती कंडक्टरच्या हाकेनं. "ताई, उतरा. दिवेआगर आलं. गाडी इथंच थांबते."

गाव केव्हाच मागं पडलं होतं. परतीची गाडी आता संध्याकाळीच. कल्पिता खाली उतरली आणि सवयीनं मनात जुळवाजुळव करू लागली. उशीर का झाला, कुठे होतीस, कुणाबरोबर होतीस, फोन का नाही उचललास. अर्धी उत्तरं तयार झाल्यावर तिच्या लक्षात आलं की विचारणारं कुणी नाही.

तिनं घरी फोन लावला. अमिषानं उचलला.

"मी गाडीत झोपले गं. पुढं आलेय. यायला उशीर होईल."

"बरं," अमिषा म्हणाली. "आजी कोळंबी साफ करतेय. तुझं झाकून ठेवू?"

"ठेव."

स्टँडजवळच्या टपरीवर तिनं चहा घेतला. बाकावर एक म्हातारी आधीपासून बसली होती. तिनं सरकून जागा दिली. "कुठं जायचंय, बाय?"

"घरी."

"गाडी न्हाय आता."

"हो ना," कल्पिता म्हणाली, आणि चहा गार होईपर्यंत तिथंच बसून राहिली.