तिखटाचे हात

मंगळवेढ्यात माझ्या आईनं अर्ध्या गावाची बाळं न्हाऊमाखू घातली. तेच काम मी सोलापुरात, भवानी पेठेत, चाळीस वर्षं केलं. त्या कामाला कुणी कमी लेखलं की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून ठेवते.

शहात्तर साली अक्कम्माबाईंनी मला ठेवलं. बाई शाळेत शिकवायच्या, त्यांचे यजमान रेवणसिद्ध बँकेत होते. त्यांचा चन्नू पाच महिन्यांचा. काम काय म्हणून विचारलं तर बाई म्हणाल्या, "बाळाला बघायचं, आणि थोडं वरकाम." वरकामाला शेंडा ना बुडखा, हे तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तोवर चन्नूनं माझं बोट धरलं होतं, आणि मी विरघळले.

त्याची दुपटी धुणं माझंच काम. पण मग कपबशा आल्या, मग जेवणाची भांडी, मग ज्वारी दळून आणणं, मग साहेबांचे रुमाल. नाकापेक्षा मोती जड झाला. तरी मी करत राहिले.

एका गोष्टीला मात्र मी कधीच तयार नव्हते. आईचा दंडक होता, बाळ घेणाऱ्या बाईनं तिखट कुटायचं नाही. कुटलेलं तिखट कातडीत मुरतं, साबणानं जात नाही, आणि बाळाचा डोळा आपल्या बोटापासून लांब थोडाच असतो? माझ्या घरी चटणी सून कुटायची. जेवतानासुद्धा मी ती भाकरीच्या घडीत धरून खायची.

एका रविवारी साहेबांचे वरचे अधिकारी पुण्याहून बायकोसह जेवायला यायचे होते. बाईंनी सकाळीच भाजलेले दाणे, लसूण आणि लाल तिखट उखळापाशी आणून ठेवलं.

"ईरम्मा, शेंगाची चटणी कुटून द्या."

"बाई, ह्ये काम माझं न्हाय. मी बाळासाठी हाय."

"वरकाम ठरलं होतं की. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

चन्नू पाळण्यात झोपला होता. त्याला सोडून जाणं मला जमणार नव्हतं. मुसळ उचललं. कुटायचीच तर मग दाण्याला तेल सुटेपर्यंत कुटली. वाईट काम करणं माझ्या हाताला ठाऊकच नाही.

पाहुणे पानावर बसले आणि चन्नू उठला. रडत त्यानं माझ्याकडे हात पसरले. मी हात पाठीमागे धरून उभी राहिले.

"घ्या की त्याला," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"तुमी घ्या. ह्ये हात आज तिखटाचे हायत."

"धुतलेत की."

"तीनदा धुतले. माझं बोट तुमच्या पापणीवरनं फिरवून बघा, मग घेते."

बाईही काही कमी नव्हत्या. त्यांनी माझं बोट धरलं आणि खरंच पापणीवरून फिरवलं. आधी काहीच झालं नाही. झाली का खात्री, अशा नजरेनं त्या माझ्याकडे बघताहेत तोच डोळा पेटला. पदरानं पुसला तसा आणखीच पेटला. तशाच त्यांनी चन्नूला उचललं. तो माझ्याकडे झेपावत होता, पण मी हात पुढे केले नाहीत.

तेवढ्यात अधिकाऱ्यांच्या बायकोनं चटणी चाखली. "फक्कड झालीय. मोलकरीण चांगली मिळालीय हो तुम्हाला."

मी तोंड उघडायच्या आत बाई बोलल्या. "मोलकरीण नाहीत त्या. आमचं बाळ सांभाळतात. चटणी मी त्यांना कुटायला लावली, ती माझी चूक."

एका डोळ्याला धार लागली होती, पण शब्द खणखणीत. माझे तळवे भगभगत होते आणि मान ताठ होती. मला माझा अभिमान वाटला, आणि खोटं कशाला बोलू, त्यांचाही वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर बाई चन्नूला कडेवर घेऊन दारातच उभ्या. भांड्यांना दुसरी बाई सांगितल्याचं त्यांनी आधी सांगून टाकलं. डोळा अजून लाल होता. मी दोन्ही हात पुढे केले. शाळेत पोरींची नखं बघतात तसे त्यांनी ते उलटसुलट बघितले. मग माझं बोट धरून दुसऱ्या, चांगल्या डोळ्याच्या पापणीवरून फिरवलं. आम्ही दोघी थांबलो. बराच वेळ थांबलो. काही झालं नाही. तेव्हा त्यांनी चन्नूला माझ्या हातात दिलं.