आधी मणी, मग उजेड

साऱ्या गावाची इबी, म्हणजे आजी, दावा बुटी रोज पहाटे ओढ्यावर जाई, ती मणीची विचारपूस करायला. मणी म्हणजे पोटात मंत्रांच्या गुंडाळ्या घेतलेलं माणसाएवढं लाकडी पिंप; ते ओढ्याच्या धारेवर फिरे आणि दर फेऱ्याला वरची घंटी वाजे. नवरा कर्सांग हिमकड्याखाली गेला, त्याचा देहही हाती लागला नाही. "तो कुठं का असेना, पाणी त्याच्यासाठी देवाचं नाव घेतंय," असं ती म्हणे. घंटी थांबली तर तो वाट चुकेल, ही एकच भीती तिच्या जिवाला.

आणि विजेला नेमकं तेच पाणी हवं होतं.

खालच्या शहरातून आलेला इंजिनिअर प्रबीण सगळ्या गावासमोर सांगत होता, "इबी, मणीच्या वरून पाणी नळात घेतलं तर घरोघर चार दिवे, शिवाय पिठाची गिरणी. मणीला पाणी उरणार नाही, पण त्याला आपण मोटर लावू की."

"मोटर?" इबी म्हणाली. "माझ्या वाटचं तू जेवलास, तर माझं पोट भरेल का रे?"

गाव हसलं. सून न्हिमा तेवढी हसली नाही. धुरात, चुलीच्या उजेडात विणकाम करून तिचे डोळे लाल झाले होते. इबीनं ते पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "घ्या पाणी. जित्यांचे डोळे आधी."

न्हिमाच पुढं झाली. "सर, मणी फिरवून पाणी खाली येतं, तिथून घेतलं तर?"

"उतार कमी पडेल. घराला एकच दिवा. गिरणी विसरा."

"बायकोचं तोंड एकच आहे, एक दिवा पुष्कळ!" पिऊन तर्र झालेला पासांग ओरडला.

मुखिया नुर्बूनं गावाकडं पाहिलं. माना डोलल्या. "आधी मणी, मग आम्ही. दळण हातानं दळू."

प्रबीणनं कपाळावर हात मारला.

दिवा लागायचा त्या संध्याकाळी सारं गाव इबीच्याच घरात दाटलं. खाली वीज करणारं पाण्याचं चाक सुरू झालं आणि आढ्याला टांगलेला दिवा उजळला. टाळी वाजली नाही. डोक्यावरच्या टोप्या उतरल्या. पासांगनं ओठाशी नेलेला छांगचा वाडगा तसाच खाली आणला आणि तो दाराकडं निघाला.

"कुठं चाललात?" बायकोनं विचारलं.

"इथं मणीचं पाणी पेटलंय. त्याच्यासमोर पिऊ कसा?"

"मग रोज थंडीत कुडकुडत प्या! नाहीतर सोडा!"

हशा ओसरला, तशी ओढ्यावरची घंटी ऐकू आली. टिण्. दिवा किंचित मंदावला, पुन्हा उजळला. टिण्. पुन्हा मंदावला. प्रबीण ओशाळला. "फेऱ्यागणिक पाण्याला धक्का बसतोय, इबी. उद्या मधे हौद बांधतो. दिवा स्थिर होईल."

इबी दिव्याकडं टक लावून होती. जे नाव इतकी वर्षं नुसतं कानानं ऐकलं, ते आज सुनेच्या चेहऱ्यावर उजेड होऊन पडत होतं, घंटीच्या तालावर श्वास घेत होतं. तिचे हात आपोआप जुळले.

"नको रे बाबा, हात लावू नकोस," ती हलकेच म्हणाली. "नमस्कार करतोय तो."