कासमच्या आजाची लढाई

कासम मुकादमला जमातीचं अध्यक्ष व्हायचं होतं आणि त्यासाठी त्याच्याकडे भांडवल एकच होतं, मेलेला आजा.

कुवेतमधल्या रत्नागिरीकरांची ही जमात. वर्षातून दोनदा सलवा भागात हॉल घ्यायचा, बिर्याणी खायची आणि अध्यक्षाने माइकवरून सगळ्यांचा जीव खायचा, एवढंच तिचं काम. तरी त्या खुर्चीसाठी माणसं अशी भांडतात, जणू खाली तेलाची विहीर आहे. बारा वर्षं तिच्यावर तौफीक बसला होता, शर्कच्या बाजारातला मासळीवाला. कासम एका कंपनीचा मंदूब, म्हणजे दुसऱ्यांच्या इकाम्याचे, राहण्याच्या परवान्याचे, कागद घेऊन सरकारी खिडक्यांवर ताटकळणारा. त्याचं नाव कधी कुणी माइकवरून घेतलं नव्हतं.

आणि एक दिवस त्याच्या मुलीला, माहीनला, इंटरनेटवर एक जुना सिनेमा सापडला. दुसऱ्या महायुद्धात गोऱ्या सरकारने फौजभरतीसाठी काढलेला. धुरातून एक माणूस धावत येतो, एका हातात काहीतरी लांब, दुसऱ्या हाताने खाकी चड्डी घट्ट धरलेली, मागे एक बकरी. एक कान तुटका. घरातल्या आजाच्या फोटोत आहे तोच कान. कासम रडला. तेवढा तुकडा कापून त्याने साडेतीनशे लोकांना पाठवला, खाली लिहिलं, ‘शूर घराण्याला मत द्या.’

“पुढचा सिनेमा पण बघून घ्या एकदा,” त्याची बायको सुगरा म्हणाली.

“पुढे काय बघायचंय? आजा मरत नाही त्यात. तो घरी मेला, पोटभर जेवून.”

निवडणुकीच्या शुक्रवारी दुपारी हॉलमध्ये पडदा लागला. माहीन लॅपटॉपवर. निवेदक तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं इंग्रजी बोलत होता. ‘पाहा, हिंदुस्थानचा वाघ शत्रूवर झेपावतोय.’ आजा धावला. टाळ्या. कासमने बसल्याबसल्या चार लोकांचा सलाम घेतल्यासारखं केलं.

चार मिनिटांनी शत्रूची दाणादाण उडाली. भेदरलेला शत्रू उलट्या दिशेने पळत सुटला. एका हातात काहीतरी लांब, दुसऱ्या हाताने चड्डी धरलेली आणि मागे बकरी.

हॉलभर माना पडद्यावरून कासमकडे वळल्या.

“कासमभाई,” तौफीक म्हणाला, “तिकडच्या फौजेतही तुमचं कुणी होतं काय?”

“सेम क्लिप आहे, अब्बा,” माहीन म्हणाली. “दे जस्ट फ्लिप्ड इट.”

“बंद कर.”

“हँग झालंय.”

आजा हवेत लटकला, एक पाय वर. मग आपोआप सुटला आणि शेवटी, युद्ध जिंकल्यावर, आनंदाने घरी परतणारी प्रजा म्हणून तिसऱ्यांदा धावला. बकरीसकट.

लढाया लावणारे असेच. मरायला माणसं हजारो मिळतात, सिनेमात दाखवायला एक पुरतो. वाघही तोच, कोल्हाही तोच, आनंदी प्रजाही तोच, आणि त्या बिचाऱ्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू नेमका का धावतोयस.

ते विचारलं तौफीकने. “पण ही बकरी लढाईत काय करते, भाई?”

कासमला आजी सांगायची ती गोष्ट आठवली. इतकी वर्षं त्याने ती कुणाला कळू दिली नव्हती. तो उठला, माइक घेतला.

“आजा शिपाई नव्हता,” तो म्हणाला. “बावर्ची होता. हातात आहे ती बंदूक नाही, पळी आहे. धूर चुलीचा आहे. बकरी कापायला आणली होती, ती याच्याच मागे लागली. गोऱ्याने कॅमेरा फिरवला. बस.”

आधी मागची एक बाई फिसकन हसली. मग अख्खा हॉल. पोट धरून, खुर्च्या बडवून.

मतदान झालं. तौफीकला एकसष्ट, कासमला नऊ. तौफीकचं आभाराचं भाषण सुरू झालं, पण ऐकतंय कोण. लोक लॅपटॉपभोवती गोळा होऊन माहीनला म्हणत होते, “परत लाव गं, ती पळी दाखव.”

कासम सुगराशेजारी येऊन बसला. ती ओढणीने डोळे पुसत होती, हसून हसून.

“तू कुणाला दिलंस मत?”

“तौफीकभाईंना.”

“बायको आहेस ना माझी?”

“म्हणूनच,” सुगरा म्हणाली. “तुम्ही अध्यक्ष झाला असतात, तर माइक घरी घेऊन आला असतात.”