न घातलेले बूट

बूटकाकांना चेहरे लक्षात राहत नसत, पाय राहत. डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात, मोज्यांच्या मांडणीशेजारी त्यांचं एक ठेंगणं स्टूल होतं. त्यावर बसून बावीस वर्षं ते लोकांच्या पायांत बूट चढवत आले होते. एखाद्या बाईने हसून "ओळखलंत का काका?" म्हटलं, की ते आधी खाली बघायचे आणि मग म्हणायचे, "न ओळखायला काय झालं? उजवा पाय अर्ध्या नंबरने मोठा!" बाई ओशाळायच्या, पण बूट त्यांच्याकडूनच घ्यायच्या.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्यांवर तर त्यांचा विशेष राग. "एका दिवसाचं तर आहे, असं म्हणत माणसं बागेत निघाल्यासारखी निघतात. तुम्ही एका दिवसासाठी आलात हे डोंगराला कोण सांगणार?" मग विजेरी, शिट्टी, पावसाचं जाकीट, कोरडे मोजे, क्रेप बँडेज असं एकेक गिऱ्हाइकाच्या पुढ्यात येऊन पडायचं. जाताजाता, कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार ते कागदावर लिहून घरी ठेवा, असा दमही मिळायचा.

एवढं ब्रह्मज्ञान सांगणारा हा माणूस स्वतः मात्र नऊ वर्षांत साधी टेकडीही चढला नव्हता. का, ते दुकानात सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा असताना असाच एका दिवसासाठी डोंगरावर गेला, ओल्या खडकावरून घसरला आणि परत आला तो चौघांनी उचलून. पायात कापडी बूट होते, तळ गुळगुळीत झालेले. "बूट विकणाऱ्याच्या पोराच्या पायात बूट नव्हते," असं लोक हळू आवाजात म्हणाले, आणि मग तेही म्हणायचे थांबले.

एक गोष्ट मात्र कुणालाच माहीत नव्हती, बायकोलासुद्धा. त्या पहाटे थोरल्याने नवे बूट खोक्यातून काढले होते. एक पाय आत घातलाही होता. बूटकाकाच म्हणाले, "नवे आहेत, राहू देत. आज चिखलात कशाला? पुढच्या महिन्यात मोठ्या डोंगरावर घाल." पोरगं गुणी. त्याने निमूट बूट काढून खोक्यात ठेवले. ते खोकं कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर होतं. दर महिन्याला बायको बाजारात गेली, की बूटकाका ते खाली काढायचे, बुटांच्या चामड्याला मेण लावायचे, नाडी सरळ करायचे आणि कागदात गुंडाळून परत ठेवायचे. अपराधाला पॉलिश करून तो जात नाही हे त्यांना समजत होतं. पण दुसरं करणार काय?

धाकटी आता वीस वर्षांची होती. चष्म्याच्या दुकानात कामाला लागली आणि तिथल्या मैत्रिणींबरोबर डोंगरावर जायचं म्हणून तिने तीन महिने घर डोक्यावर घेतलं. बूटकाका नाही म्हणत राहिले. शेवटी बायको म्हणाली, "किती दिवस बांधून ठेवणार तिला? एक गेला म्हणून दुसरीने घरातच म्हातारं व्हायचं का?" तेव्हा कुठे ते तयार झाले, एका अटीवर. बॅग ते स्वतः भरणार.

त्या सकाळी त्यांनी बॅग तीनदा भरली आणि तीनदा उपसली. दोन लिटर पाणी, शिट्टी, विजेरी, विजेरीचे जादा सेल, सुती दोरी, दोन क्रेप बँडेज.

"बाबा, मी तिथे राहायला जात नाहीये," धाकटी म्हणाली.

"तिच्या पाठीला घरातलं कपाटच बांधा ना," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

धाकटी जमिनीवर बसून मोजे चढवत होती. एकावर एक, दोन जोड. बूटकाकांनी विचारलं, "दोन कशाला?"

"मैत्रिणीचे बूट घेतलेत. थोडे मोठे होतात."

"दुकानातून आणले असते की मी."

"असू द्या हो बाबा." एवढं बोलून तिने बॅग पाठीला लावली आणि बुटांची कापडी पिशवी काखेला मारून ती बाहेर पळाली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. जन्म गेला परक्यांच्या पायांकडे बघण्यात, आणि पोटच्या पोरीच्या पायांत काय जाणार आहे ते बघायचं सोडून हा माणूस बॅगेची चेन ओढत बसला.

दहाच्या सुमाराला दुकानात दातांचे एक डॉक्टर तणतणत आले आणि त्यांनी बूट काउंटरवर आपटले. दोन्ही बुटांचे सोल निघून लोंबत होते. आतून काळा भुगा सांडला.

"चार वर्षांत दोनदा घातलेत! नवेकोरे होते!"

बूटकाकांना हे भाषण पाठ होतं. "तिथंच तर घोळ आहे, डॉक्टर. हे बूट वापरले की टिकतात, जपून ठेवले की मरतात. खालचं रबर टणक, पण त्याच्यावर मधे एक मऊ थर असतो. बंद कपाटात त्याला दमट हवा लागते आणि तो आतल्या आत कुजतो. वरून मेण लावा, पॉलिश करा, बूट दिसायला नवाच. पाय घालून तास-दोन तास चाललात की एकदम भुगा. मोठे मोठे लोक फसतात, कपाटात जपून…"

ते बोलायचे थांबले. हातात डॉक्टरांचा बूट तसाच राहिला.

हे वाक्य त्यांनी आजवर शंभर गिऱ्हाइकांना ऐकवलं होतं. आपल्या कपाटातल्या खोक्याशी त्याचा काही संबंध आहे हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. की त्यांनी ते सुचू दिलं नव्हतं, देव जाणे. नऊ वर्षांत त्यांनी ते बूट एकदाही उलटे करून दाबून पाहिले नव्हते. आणि मग त्यांना ते मोजे आठवले. दोन जोड. धाकटीचा सात नंबर, थोरल्याचा नऊ.

त्यांनी घरी फोन लावला. "अगं, कपाटातलं वरचं खोकं काढ."

"कुठलं? त्याचं?" बायकोचा आवाज लगेच बदलला. "का हो?"

"काढ आधी."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "हलकं लागतंय," ती म्हणाली. "अहो, आत नुसते कागद आहेत."

त्यांनी तिला फ्रीजवर चिकटवलेला कागद वाचायला लावला, धाकटीने वाट लिहून ठेवलेला. सकाळी आठला चढायला सुरुवात, पश्चिमेकडून. घरातला हट्ट निदान तेवढ्या कामाला आला. धाकटीचा फोन लागेना. त्यांनी मांडणीवरून सात नंबरचे बूट उचलले, दुकानाच्या मालकीणबाईंना "येतो" एवढंच म्हणाले आणि दाराशी जाऊन लक्षात आलं की जायचं कशाने हे ठरलेलंच नाही.

"माझी गाडी बाहेर आहे," डॉक्टर मागून म्हणाले. ते आपला राग कधीच विसरले होते.

रस्ताभर डॉक्टर बोलत राहिले. तोंड उघडून बसलेल्या माणसांपुढे एकट्याने बोलायची सवयच ती. काही होणार नाही, आजकालच्या मुली हुशार असतात, वगैरे. बूटकाका मांडीवरचे बूट घट्ट धरून बसले होते. एवढं एक पोर हातात सुखरूप दे, असं ते कुणाला तरी मनातल्या मनात सांगत होते.

पायथ्याशी डॉक्टर थांबले आणि बूटकाका चढायला लागले. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि वाट निसरडी होती. गुडघे बोलत होते, धाप लागत होती. तासाभराने त्यांना वाटेत काळे कण दिसले. दुसरा कुणी असता तर माती समजून पुढे गेला असता. पुढे आणखी कण, मग मुठीएवढा तुकडा. आणि वळणावर एक अख्खा डावा सोल पालथा पडला होता. तळाची नक्षी अजून कोरी करकरीत होती.

त्यांनी तो उचलला. तिथून पुढे वाट खडकावरून जात होती, आणि कडेची माती दोन हात रुंद ओरबाडली गेली होती. वरून काहीतरी घसरत गेल्यासारखी. बूटकाका कडेला गुडघे टेकून खाली डोकावले.

"काका? तुम्ही इथे कसे?" खालच्या झुडपांच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं.

धाकटीच्या चष्म्याच्या दुकानातली मैत्रीण होती. तिच्या शेजारी झाडाच्या बुंध्याला टेकून धाकटी बसली होती. तळहात सोललेले, पँट गुडघ्यावर फाटलेली. डाव्या पायाला बुटाचं नुसतं चामडं होतं आणि त्याच्याभोवती क्रेप बँडेजचे वेढे. वेढ्यांवरून सुती दोरी.

बापाला बघताच तिला रडू फुटलं. "बाबा, मी दादाचे बूट मोडले. रागावू नका ना."

"घोटा हलव," ते म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. ते खाली बसले आणि बावीस वर्षांच्या सवयीने त्यांनी तिचा पाय मांडीवर घेतला. घोटा हलला. बोटं हलली. तरी त्यांनी पाय सोडला नाही, दोन्ही हातांनी धरूनच ठेवला. चष्मेवाली शहाणी होती. वर गेलेल्या दोघींना बोलावून आणते म्हणाली आणि निघून गेली.

"तू कुठे काय मोडलंस?" बूटकाका दोरी सोडत म्हणाले. "ते कधीच मेले होते. मीच मारले जपून जपून." मग त्यांनी नऊ वर्षं गिळलेलं बोलून टाकलं. "त्या दिवशी तो हेच बूट घालत होता. मीच त्याला…"

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"मी जागी होते तेव्हा. पांघरुणातून बघत होते. 'नवे आहेत, राहू देत.'" तिने ते अगदी त्यांच्याच आवाजात म्हटलं.

अकरा वर्षांची होती ती तेव्हा. "कुणाला बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? आई तुम्हाला कधी माफ करेल की नाही, तेच कळत नव्हतं. आणि तुम्ही पॉलिश करायचात ते मी दाराच्या फटीतून बघितलंय."

"मग घातलेस कशाला, वेडे?"

"म्हणूनच घातले. त्या बुटांनी एकदा तरी डोंगरावर यायला हवं होतं. संध्याकाळी पुसून ठेवणार होते, तुम्हाला कळलंही नसतं."

एकाला बूट घालू दिले नाहीत, आणि दुसरीच्या पायात मेलेले बूट गेले. दोन्ही आपल्याच हातून. बूटकाका रडले, आणि लाज न वाटता रडले. पोरीने त्यांच्या डोक्यावर आपला सोललेला हात ठेवला आणि "आई गं" म्हणून लगेच काढला. त्यावर दोघांनाही हसू आलं, रडतारडता.

"आईला सांगाल?" तिने विचारलं.

"आजच सांगतो. काय म्हणायचं ते म्हणू दे तिला."

त्यांनी तिला नवे बूट चढवले, टाच ठोकून बसवली, अंगठ्याशी दाबून जागा बघितली. जुने बूट आणि सुटलेला सोल त्यांनी तिच्या बॅगेत भरले आणि बॅग स्वतःच्या पाठीला लावली. मैत्रिणी आल्या तशी सगळी उतरायला लागली.

खाली एक ओहोळ होता. मधोमध घोटाभर चिखल, कडेला शेवाळलेले दगड. धाकटी थबकली, पायांतल्या कोऱ्या बुटांकडे तिने एकदा पाहिलं आणि दगडांकडे वळली.

"दगडांवरून नको," बूटकाका म्हणाले. "चिखलातून ये."

"बाबा, नवे आहेत."

"असू देत," ते म्हणाले, आणि आधी स्वतः चिखलात उतरून त्यांनी हात पुढे केला.