जावयांना पेठ दाखवली

आमचे जावई यज्ञेश युरोप बघून रत्नागिरीला आमच्याकडे आले, ते चारशे फोटो घेऊनच. त्यातले निम्मे एकाच गल्लीचे. सहाशे वर्षांची बाजारपेठ म्हणे. वाकडी घरं, दगडी फरशी आणि प्रत्येक दुकानासमोर दात दाखवणारे आमचे जावई. टीव्हीवर लावून दर फोटोला सांगत होते, "आपल्याकडे जपायची अक्कलच नाही कुणाला."

मला राहवलं नाही. म्हटलं, "माझं माहेर राजापूरच्या पेठेतलं. तिथं अरबांचा माल उतरत होता. तुमच्या त्या गल्लीचं काय एवढं!"

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. मुलगी मनस्विनी मागे झोपली. पालीला चहाला थांबलो, तर जावयांनी मोबाईलवरून मला राजापूरचा इतिहास वाचून दाखवला. मला!

पेठेत उतरले आणि त्यांचा चेहरा पडला. शटरं, मोबाईलची दुकानं, पत्र्याच्या पडव्या. मग कुठं लाकडी फळ्यांचं दार दिसलं की धावत जायचे, त्यावर हात फिरवायचे. "सागवान बरं का, आई." फणसाचं होतं. एका पायरीचा फोटो काढायला भर रस्त्यात आडवे झाले. बाजाराला आलेल्या बायका पिशव्या खाली ठेवून बघत राहिल्या. हा माणूस कॉलेजात शिकवतो!

"इथली जोती इतकी उंच का असतील?" त्यांनी विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं, "घोड्यावरून उतरायला."

पावसाळ्यात नदी पेठेत शिरते, म्हणून जोती उंच. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण मी गप्प राहिले. माणूस आपणहून हसं करून घेत असताना आपण मध्ये का पडावं?

अशी मजेत चालले होते आणि आमचं दुकान आलं. म्हणजे पूर्वीचं. वडिलांचं कापडाचं दुकान होतं, मोठ्या पुरानंतर त्यांनी ते विकलं. शेजारचं दोर-सुपांचं दुकान मात्र जसंच्या तसं. जोत्यावर बाबू बसला होता. पिवळट बनियन, खांद्यावर टॉवेल. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो.

"अगो हेमे!" तो ओरडला. "कधी आलीस गो?"

सगळी पेठ वळून बघायला लागली. जावयांनी कॅमेरा खाली घेतला. सासरी चाळीस वर्षांत मला कुणी 'हेमे' म्हटलेलं नाही.

"आपण कोण?" मी म्हटलं. "मी नाही ओळखलं."

बाबूनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग टॉवेलनं जोतं झटकलं.

"चुकलो, बाई. फोटो काढायचे ना? काढा. ह्या अंगानं चांगला येतो. येणारे सगळे इथनंच काढतात."

जावई सरळ जोत्यावर चढून त्याच्याशेजारी बसले. "काका, ही जोती उंच का हो?"

बाबूनं पुराचं सांगितलं. जावई मांडीवर थाप मारून हसले. "आणि मी सकाळपासून घोडे उतरवतोय!" दोघं खदखदून हसले. मनस्विनीसुद्धा. मी पर्स धरून उन्हात उभी.

मग बाबू मोठ्या पुराचं सांगत बसला. पाणी कमरेला लागलं तेव्हा त्यानं आणि त्याच्या वडिलांनी शेजारच्या कापडवाल्यांचे गठ्ठे उचलून आपल्या माळ्यावर नेले.

"आणि तुमचा माल?"

"तो ऱ्हायला खाली. दोराला काय, वाळतो." मग म्हणाला, "काही वाळला, बराचसा कुजला."

माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. जावयांनी दोन सुपं घेतली. नाशिकच्या फ्लॅटमध्ये काय पाखडणार होते कोण जाणे.

परतताना लांजा मागे पडलं तेव्हा, रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "आई, त्या कापडवाल्यांचं आडनाव मी काकांना विचारलं नाही."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. दिवसभर ज्याला मनात हसत होते, त्यानं मला सांभाळून घ्यावं, याचा मला संताप आला. अजूनही येतो.

ते नाशिकला गेल्यावर मी एकटी एस्टीनं राजापूरला गेले. बाबू त्याच जागी बसला होता. मी जोत्यावर चढले.

"काय दाखवू?" त्यानं विचारलं.

"बाबू, मी हेमा."

"असं होय," तो म्हणाला. "दोर हवा की सूप?"

त्या दिवशी काय झालं ते मी सांगायला लागले. जावई, माणसं, लाज वाटली. बाबू सुंभाची गुंडाळी करत होता. ऐकत होता की नाही, कळलं नाही. मी वडिलांचं नाव घेतलं तेव्हा मात्र हात थांबला.

"चांगला माणूस होता," तो म्हणाला. "पेठ सोडून गेला तेव्हा रडला होता माझ्या बापाच्या गळ्यात पडून."

तेवढ्यात खाली एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. बाबू त्याला म्हणाला, "जरा बाजूला हो रे. त्या बाईंना उतरू दे."