सदतीस नंबरचा आवाज

मित्रांनो, काचेच्या पेटीत उभा असलेला, अंगावर दिवे सोडलेला आणि तरीही मुका असा जो जुना सिंथेसायझर पाहून तुम्ही फोटो काढता ना, तो मी. पेटीखाली पितळी पाटी आहे. तिच्यावर माझं म्हणून जे काही लिहिलंय त्यातलं वर्ष तेवढं खरं आहे. बाकीचं मी सांगतो. पाच मिनिटं थांबा, फोटो कुठे पळून जात नाही.

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. एकसष्ट पट्ट्या, छत्तीस सरकत्या खुंट्या, आणि पोटात चौसष्ट आवाज साठवायची जागा. कानाला हेडफोन लावलेली एक बाई शेवटच्या टेबलावर बसायची. तिनं माझी एकेक पट्टी दाबून पाहिली, मान डोलावली आणि माझ्या पाठीवर शिक्का मारला. आयुष्यातली ती पहिली शाबासकी. तशी मनापासूनची पुढे एकाच माणसानं दिली, आणि त्याचं नाव या पाटीवर नाही.

त्याला सगळे मास्तर म्हणत. सडपातळ, शर्टाच्या खिशात नेहमी दोन पेनं, आणि बोटं अशी लांबसडक की बघत राहावं. मास्तर ज्या गायकाकडे वाजवायचे त्याला लोक साहेब म्हणत. साहेबांचं नाव तेव्हा पोराटोरांच्या तोंडी होतं. ऐंशीचं दशक चाललं होतं. खांद्यात कापूस भरलेले कोट, चमचमते बूट, आणि प्रत्येक गाण्याला नवीन, आजवर कुणी न ऐकलेला आवाज हवा. तो आवाज साहेबांच्या गळ्यातून निघत नसे, मित्रांनो. तो माझ्या पोटातून निघायचा आणि मास्तर तो घडवायचे.

साहेबांची एक मुलगी होती, पाच वर्षांची. तिला छोटी म्हणत. आई दूर गेलेली, वडील तालमीत, म्हणून ती दिवसभर तालमीच्या खोलीतच असायची. तिची जागा ठरलेली होती, माझ्या स्टँडच्या खाली, बरोबर मास्तरांच्या पायांजवळ. बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा तोंडाशी धरून ती त्यात गुणगुणायची. ऊंऽऽऽ. पत्रा थरथरायचा, आवाज गोल होऊन बाहेर यायचा आणि शेवटी दम संपला की तो हलकेच कापत विझायचा. मास्तर वाजवता वाजवता थांबून ऐकायचे. "काय गं, आज कोणतं गाणं?" असं विचारलं की ती म्हणायची, "माझं आहे. नाव नाही त्याला."

एके दिवशी साहेबांचा सूर लागेना. तालीम तिसऱ्यांदा मोडली आणि त्यांचा पारा चढला. "तो डबा बंद कर आधी!" असं म्हणून त्यांनी तो पोरीच्या हातातून हिसकावला आणि सरळ कचऱ्याच्या टोपलीत भिरकावला. छोटी रडली नाही. माझ्याखाली तोंडावर हात दाबून बसून राहिली. मास्तरही काही बोलले नाहीत. त्यांच्या भित्रेपणाचा मला आजही राग येतो. पण माणूस पोटासाठी गप्प बसतो हे मला कळतं, मी काही आज जन्मलेलो नाही.

मास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून काय केलं ते ऐका. तालमीच्या आधी तासभर येऊन ते माझ्या खुंट्या केसभर वर, केसभर खाली करत बसू लागले. असे नऊ दिवस. पत्र्याची थरथर जमली, गोलाई जमली, तो शेवटचा विझता दम मात्र जमेना. नवव्या दिवशी तोही जमला. मास्तरांनी बटण दाबून तो आवाज सदतिसाव्या जागेवर ठेवला आणि माझ्या लाकडी कडेवर हळूच थाप मारली. "शाबास रे. डबा गेला, पण आवाज राहिला. आता पोरगी आली की तिला ऐकवू."

पोरगी आली नाही. साहेबांनी तिला त्याच आठवड्यात दूरच्या वसतिगृहात पाठवून दिलं होतं.

साहेब मात्र आले. सदतीस नंबर कानावर पडताच थबकले. पुढच्या गाण्यात तो घेतला, त्याच्या पुढच्यातही घेतला, आणि मग काय, गल्लोगल्ली तेच. त्या कापत विझणाऱ्या सुरावर लोक वेडे झाले. रेकॉर्डच्या कव्हरवर छापलं होतं, ‘संगीत : साहेब आणि मंडळी’. मास्तर त्या मंडळीत. एका मुलाखतीत कुणीतरी विचारलं, हा आवाज सुचला कसा? साहेब डोळे मिटून म्हणाले, "तो माझ्या डोक्यातच होता." मास्तर तेव्हा मागे वाकून माझी वायर गुंडाळत होते. वायर गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही. त्या दिवशी लागला.

पुढे फॅशन बदलली. माझ्यापेक्षा हलकी, स्वस्त आणि भारी बोलणारी यंत्रं आली. मी साहेबांच्या बंगल्याच्या तळघरात गेलो. जाण्याआधी मास्तरांनी एक शहाणपणाचं काम केलं. माझ्या पोटातले आवाज एका बॅटरीच्या जिवावर जगतात. ती काढली की सगळे पुसले जातात, एकही उरत नाही. म्हणून ते आवाज कॅसेटवर उतरवून ठेवायची सोय कारखान्यानंच केली होती. मास्तरांनी निळ्या कॅसेटवर सगळे चौसष्ट उतरवले, वर ‘३७ जपणे’ असं लिहिलं आणि कॅसेट घरी नेली. मग तीसेक वर्षं मला पालीशिवाय कुणी भेटलं नाही. त्या काळात साहेब वारले. वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं भरली म्हणे.

आणि एक दिवस तळघराचा दिवा लागला. समोर छोटी. चाळिशीला टेकलेली, कानावरचे केस पांढरे होऊ लागलेले, पण लोक अजूनही छोटीच म्हणत. हीच तिची दुखरी नस होती. तिनं गिटार घेऊन दोन अल्बम केले होते, हळुवार, स्वतःच्या मनातले. दोन्ही वेळा लोकांनी एकच विचारलं, वडिलांसारखं का गात नाहीस? मग तिनं ठरवलं, जुनं सगळं झटकायचं आणि नवा सूर घ्यायचा. तोही ऐंशीच्या दशकातला, चमचमता, नाचायला लावणारा. "बाबांच्या काळात शिरून बाबांना हरवणार आहे मी," असं ती माझ्यावरची धूळ पुसत म्हणाली. मला तिचं बोलणं आवडलं. खोटं कशाला सांगू, माझ्या वाळलेल्या पट्ट्यांना पुन्हा धुगधुगी आली.

स्टुडिओ नवा कोरा होता. तिथला निर्माता आत खोलीतही टोपी घालून बसायचा, म्हणून त्याला टोपीवाला म्हणू. मला वीज जोडली, पडदा उजळला. छोटीनं एकेक नंबर लावत सदतीसवर बोट ठेवलं. ऊंऽऽऽ. शेवटी तोच विझता दम. ती खुर्चीतच बसली. हाताचे केस उभे राहिले होते तिच्या. "हा… हा कुठेतरी आतून ओळखीचा वाटतो रे," ती म्हणाली. टोपीवाला हसला, "वाटणारच. तुझ्या बाबांचा आवाज आहे तो. अख्ख्या जगाला ओळखीचा आहे."

मी ओरडायला हवं होतं. पण आमच्या जातीला कुणी पट्टी दाबल्याशिवाय बोलता येत नाही.

छोटीला मात्र माझ्या खुंट्या फिरवत बसणारे मास्तर आठवले. तिनं लगेच फोन लावला, स्पीकरवर. मास्तरांचा आवाज म्हातारा झाला होता, पण उत्साह तोच. ती म्हणाली, "मास्तरकाका, सदतीस नंबर तुमचाच ना? या वेळी तुमचं नाव कव्हरवर. पहिल्या ओळीत. शब्द देते." मग मास्तर म्हणाले, "पोरी, नावाचं राहू दे, मला तुला एक सांगायचंय. समोर बसून सांगेन, त्याच्यावर वाजवून. गुरुवारी येतो. आणि हे बघ, पडद्यावर बॅटरीची खूण लुकलुकतेय का?" लुकलुकत होती. "मग मी येईपर्यंत त्याचं झाकण उघडू नका. कॅसेट घेऊन येतो, आधी ती तपासू, मग बॅटरी बदलू. ऐकलंस ना?"

"हो हो काका, ऐकलं," छोटी म्हणाली. तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात कव्हरसाठीच्या कपड्यांचे फोटो होते.

बुधवारी कव्हरचा फोटो काढायचा होता. जांभळा पडदा, धुराचं यंत्र, मध्ये मी, आणि माझ्यावर रेललेली छोटी. सगळं झकास, फक्त माझ्या पडद्यावरची ती खूण सारखी लुकलुकत होती आणि प्रत्येक फोटोत डाग पडल्यागत दिसत होती. फोटोवाला कुरकुरला. टोपीवाल्यानं दुरुस्तीवाल्याला बोलावलं. दुरुस्तीवाला प्रामाणिक माणूस. हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यानं विचारलं, "बॅटरी काढली की आतलं सगळं जाईल हं. चालेल ना?"

टोपीवाला म्हणाला, "कारखान्याचेच आवाज असतात, पुन्हा भरता येतात."

दुरुस्तीवाल्यानं छोटीकडे पाहिलं. ती डोळे मिटून बसली होती, पापण्यांना चांदीचा रंग लावणं चालू होतं. "करा ना लवकर," ती म्हणाली, "मेकअप उतरतोय."

इतकंच झालं, मित्रांनो. कुणी दुष्टपणा केला नाही. चार स्क्रू, एक नाण्याएवढी बॅटरी, आणि चौसष्ट आवाज गेले. मला दुखलं नाही. आवाज गेला, पण आठवण तेवढी राहिली, हीच माझी शिक्षा. फोटो मात्र सुरेख आला.

संध्याकाळी छोटीनं सदतीस दाबला तर नुसती फुसफुस. "अगं बाई! काकांनी सांगितलं होतं… मी हो म्हटलं होतं." ती फोन उचलणार, तेवढ्यात टोपीवाला म्हणाला, "घाबरतेस काय? बाबांच्या रेकॉर्डवरून उचलू. अडीच सेकंद पुरे." आणि त्यानं कॉम्प्युटरवर ते अडीच सेकंद कापलेसुद्धा. त्यात सदतीस नंबरच्या मागे साहेबांचा गळाही अस्पष्ट ऐकू येत होता. टोपीवाला खूश झाला. "हे तर आणखी छान. लोक रडतील." छोटीनं ओठ चावला, पण फोन खाली ठेवला.

गुरुवारी मास्तर आले. धुतलेला शर्ट, खिशात दोन पेनं, हातात निळी कॅसेट. त्यांनी माझी एक पट्टी दाबली आणि काय झालं ते त्यांना कळलं. त्यांनी कुणाला बोल लावला नाही. म्हणाले, "हरकत नाही. कॅसेट आहे ना. दहा मिनिटांचं काम. कॅसेट प्लेअर द्या."

त्या एवढ्या मोठ्या स्टुडिओत, जिथं एकेका माइकसाठी वेगळं कपाट होतं, तिथं कॅसेट प्लेअर नव्हता.

"मी घरून आणतो," मास्तर म्हणाले.

"काका, गाणं पुढे गेलं हो," छोटी खाली बघत म्हणाली. "पुढच्या वेळी नक्की. तुमची शपथ."

मास्तरांनी मान हलवली. कॅसेट माझ्या प्रवासाच्या पेटीच्या आतल्या कप्प्यात सरकवली. "राहू दे, त्याचंच आहे ते," म्हणाले. मग दारापर्यंत जाऊन परत फिरले. "छोटी, तो सदतीस नंबर मी कशावरून केला, ठाऊक आहे तुला? तुझ्याकडे एक डबा होता…"

तिचा फोन वाजला. तिनं एक बोट वर केलं, म्हणजे एक मिनिट. मास्तर थांबले. भिंतीवरच्या घड्याळात चौदा मिनिटं झाली. मग ते हळूच निघून गेले. फोन ठेवून छोटीनं वर पाहिलं तेव्हा दाराशी कुणीच नव्हतं.

अल्बम आला आणि धो धो चालला. मागच्या बाजूला छापलं होतं, ‘मूळ आवाज : साहेब’. दुसरं काय छापणार? आवाज साहेबांच्या रेकॉर्डवरून घेतलेला, रेकॉर्ड कंपनीची, आणि कंपनीची अट तशी. मास्तरांचं नाव पहिल्या ओळीत नव्हतं, शेवटच्याही नव्हतं. या वेळी तर ‘आणि मंडळी’सुद्धा उडालं होतं.

पहिल्या कार्यक्रमाला मास्तरांना पास पाठवला होता. सतराव्या रांगेत बसले होते. मी रंगमंचावर, अंगावर गुलाबी उजेड. छोटी माझ्या पट्ट्यांवर बोटं नाचवत होती आणि आवाज कॉम्प्युटरमधून येत होता. माझी वायर मागे लोंबत होती, कशालाच न जोडलेली. हजारो लोकांत ती एकाच माणसाला दिसली. मास्तर अर्ध्या गाण्यातून उठले. जाताना त्यांनी हात झटकले, बोटांना मुंग्या आल्यावर झटकतात तसे. त्यांना मी पुन्हा पाहिलं नाही.

आणि छोटीचं काय झालं? एके दुपारी ती स्टुडिओत एकटी आली. हातात वर्तमानपत्रं. ‘लेकीनं जपला बापाचा सूर.’ ‘साहेब पुन्हा गाऊ लागले.’ माझ्या स्टँडजवळ ती खाली जमिनीवर बसली, तिच्या जुन्या जागी. तिला ते कळलंही नसेल. "तीन अल्बम केले," ती स्वतःशीच म्हणाली, "यात माझं काहीच नाही का रे?" आणि मग ती रडली. पाच वर्षांची असताना जे रडणं हातानं दाबलं होतं, ते. शेवटी दम संपला तेव्हा हुंदका हलकेच कापत विझला. बरोबर सदतीस नंबरसारखा.

तो आवाज तुझाच होता गं बये! बापानं फेकला, परक्या माणसानं नऊ दिवस खपून वेचला, आणि तू पापण्या रंगवताना पुसून टाकलास. हे मला ओरडून सांगायचं होतं. पण ना पोटात आवाज, ना वायर जोडलेली.

आता मी त्या रेकॉर्ड कंपनीच्या दारात काचेत उभा आहे. पाटीवर लिहिलंय, ‘साहेबांचं वाद्य’. साहेबांनी माझी एक पट्टीसुद्धा कधी दाबली नव्हती. माझी प्रवासाची पेटी खाली सामानाच्या खोलीत आहे. तिथं ओल आहे, भिंतीचे पोपडे निघतात असं झाडणारी बाई कुणालातरी सांगत होती.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुन्या वस्तूचं झाकण उघडण्याआधी, ती ज्यानं वापरली त्याला विचारा. आणि कुणी सांगत असेल तर बोट वर करून त्याला थांबवू नका. आणि छोटी कधी भेटलीच, तर तिला तेवढा निरोप द्या. प्रवासाच्या पेटीचा आतला कप्पा, निळी कॅसेट, नंबर सदतीस. प्लेअर मास्तरांच्या घरी आहे. पण जरा लवकर सांगा. कॅसेटला बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत, आणि मास्तरही आता थकले असतील.